डिंप्नाला काय धाड भरलीय

क्लूनारा गावात कुणी मेलं की गाव त्याच्याबद्दल चांगलं बोलतं, आणि कुणी निवडणुकीला उभं राहिलं की "तू आलीसच म्हणून समज" असं त्याला तोंडावर सांगतं. दोन्हीत बोलणाऱ्याच्या खिशातून दमडी जात नाही. डिंप्ना टार्पी अजून धडधाकट होती, त्यामुळे पहिल्या प्रकारचं कौतुक तिच्या वाट्याला यायला अवकाश होता. दुसऱ्या प्रकारचं मात्र त्या वर्षीच्या मे महिन्यात इतकं आलं, की बाईला दिवसातून तीनदा पावडर लावून गालांवरची लाली झाकावी लागायची. निवडणूक तोंडावर होती. हरली तर खासदारकी जाणार, खासदारकीसोबत मंत्रिपद, मंत्रिपदासोबत काळी मर्सिडीज आणि ती चालवणारा सरकारी ड्रायव्हर. पण हरणार कोण? डिंप्ना? गावात हा प्रश्न कुणी विचारला असता तर लोकांनी त्याच्या डोक्याला हात लावून ताप पाहिला असता.

ही डिंप्ना मूळची मेन स्ट्रीटवर बायकांचे केस कापायची. डोकं हातात सापडलं की माणूस बोलतो, त्यामुळे कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत नाही आणि कुणाच्या पेन्शनचा कागद कुठल्या कचेरीत अडकलाय, हे तिला पाद्र्याच्याही आधी कळायचं. ती गप्प ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत फोन करायची. बाकीचे पुढारी फोन केल्याचं सांगायचे, ही खरंच करायची. अशा विचित्र सवयीमुळे ती आधी जिल्हा परिषदेत गेली. मग एके वर्षी डब्लिनमधल्या पक्षश्रेष्ठींना साक्षात्कार झाला की देशात बायकाही राहतात आणि त्या मतदानही करतात. उमेदवारांच्या फोटोत एखादी बाई बरी दिसेल म्हणून डिंप्नाला उभी केली. ती चुकून निवडून आली. संसदेच्या दारात पहिल्या दिवशी शिपायाने अदबीने विचारलं, "कुठल्या खासदारांच्या सेक्रेटरी आपण?" डिंप्ना म्हणाली, "टार्पींची. त्यांचं माझ्यावाचून पानही हलत नाही."

पुढे तिला मासेमारी खात्याची राज्यमंत्री केलं, कारण क्लूनारापासून समुद्र सगळ्यात लांब आहे. तीन वर्षं तिने बंदरांवर उभं राहून माशांसोबत फोटो काढून घेतले. त्यानंतर मात्र तिला समाजकल्याण खात्याचं कॅबिनेट मंत्रिपद मिळालं आणि तिथे बाईने खरं काम केलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हिवाळ्यात सरपणाचे पैसे मिळू लागले. क्लूनारातल्या प्रत्येक चुलीत जळणारं पीट, दलदलीतून कापून वाळवलेलं ते मातीचं सरपण, डिंप्नाच्या नावाने जळायचं. लोक तिच्यावर भलतेच खूश होते, आणि पुढचं सगळं रामायण त्या खुशीतूनच घडलं.

त्या वेळी आमच्या भागातून तीन खासदार जायचे. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांची नावं असतात. पहिली पसंती ज्याला, त्याच्यापुढे एक लिहायचं, दुसरीपुढे दोन, आणि असं हवं तितकं. तुमचा एक नंबरवाला हरून बाद झाला, किंवा त्याला गरजेपेक्षा जास्त मतं पडली, तरच तुमचा दोन नंबर उघडून बघतात. नाहीतर तो कागदावरच राहतो, साखरपुड्यात अडकलेल्या नवऱ्यासारखा. हे सगळं क्लूनारातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आणि पाठ असल्यामुळेच कुणी त्यावर विचार करत नाही.

पक्षाने या वेळी दोन उमेदवार दिले. एक डिंप्ना आणि दुसरा लॉर्कन हेशन. लॉर्कन घरं आणि जमिनी विकायचा. छप्पर उडालेल्या घराच्या जाहिरातीत तो "भरपूर उजेड" असं लिहायचा. राजकारणाला याहून जास्त पात्रता लागत नाही. दोघंही निवडून यायची तर मतं सारखी वाटली जायला हवीत, म्हणून एका संध्याकाळी पॅकी ड्यूर्कनच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक बसली. पॅकी पक्षाचा गावातला सूत्रधार आणि धंद्याने शवपेट्या विकणारा. एका रिकाम्या पेटीवर त्याने नकाशा पसरला होता.

"नदीच्या पूर्वेचे सगळे डिंप्नाला एक देतील आणि लॉर्कनला दोन," पॅकी म्हणाला. "पश्चिमेचे सगळे लॉर्कनला एक, डिंप्नाला दोन. सोपं आहे. गाईला सुद्धा समजेल."

"गाईंना मत नाही, पॅकी," डिंप्ना म्हणाली.

"तीच तर अडचण आहे. त्या सांगितलेलं ऐकतात."

डिंप्नाने नकाशावर बोट ठेवलं. "माझं घर पुलाच्या पलीकडे आहे."

"हो."

"म्हणजे पश्चिमेला."

"नदी मी खणलेली नाही, डिंप्ना."

"अरे म्हणजे माझी गल्ली, माझे शेजारी, माझी चुलत सासू, हे सगळे लॉर्कनला?"

लॉर्कनने नम्रपणे खाली मान घातली. चुलत सासूच्या घराची किंमत तो मनातल्या मनात लावून मोकळा झाला असावा.

"तुला काय धाड भरलीय?" पॅकी म्हणाला. "तू हसत निवडून येशील. काळजी या बापड्याची आहे. त्यातून तू मंत्री. मंत्र्यानेच शिस्त मोडली तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

हे शेवटचं वाक्य नेमकं वर्मी लागलं. डिंप्नाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर तिच्यातल्या मोठेपणाला हाक मारायची, हे पॅकीला ठाऊक होतं. आमच्या बाई ताठ बसल्या. पक्षासाठी आपण त्याग करतोय ही भावना इतकी सुखाची असते, की माणसाला वाटतं हे रोज का करू नये. डिंप्नाने मान डोलावली आणि तिच्या सहीचं पत्रक पश्चिमेच्या घराघरात गेलं. त्यावर तिचा हसरा फोटो होता आणि खाली मजकूर, की लॉर्कनला एक द्या, मला दोन.

पूर्वेकडची मतं तरी कुठे जात नव्हती, असं तिला वाटलं. पण पूर्वेकडे मॉसी कीवनी होता.

मॉसी अपक्ष. आयुष्यभर प्रत्येक निवडणुकीत रडत आलेला आणि रडून जिंकलेला. त्याला जगात एकच कला येत होती. दार उघडलं की टोपी छातीशी धरायची, बायकोला जरा मागे उभी करायची, आणि खालच्या आवाजात म्हणायचं, "मी संपलो बघा. यावेळी काही खरं नाही. तुमच्या एका नंबरावर आलंय." बायको रुमाल काढायची. मेरी कीवनीचे डोळे वसंतात फुलांच्या परागाने असेही पाणावायचे, म्हणून निवडणूक मे महिन्यात आली की मॉसीला दुप्पट फायदा. समोरचा माणूस विरघळायचा आणि आत जाऊन बायकोला म्हणायचा, "मॉसीचं काही खरं नाही गं. डिंप्ना काय, येतेच आहे. एक मॉसीला देऊन टाकू."

डिंप्नाच्या शेजारच्या नूला ब्रेस्लिनने हे सगळं कुंपणापलीकडून पाहिलं. नूलाला गावातलं सगळं कुंपणापलीकडूनच दिसतं, म्हणून तिने ते कुंपण कधी वाढू दिलं नाही. एका सकाळी मर्सिडीजचा ड्रायव्हर काच पुसत होता आणि डिंप्ना दारात उभी होती. नूला कपडे वाळत घालत होती.

"मंत्रीणबाई, आज कुठे दौरा?"

"पूर्वेकडे. आभार मानायला."

"मतदानाच्या आधीच? आमच्याकडे बारसं पोर झाल्यावर करतात."

"नूला, तुला काही म्हणायचंय का?"

"रड गं थोडी."

"काय?"

"दारात जाऊन रड. मॉसी बघ कसा लोळतोय. म्हण, मी बुडाले, मला वाचवा. गाडी इथेच ठेव आणि पायी जा. जमल्यास लंगड."

"मी या देशाच्या मंत्रिमंडळात बसते, नूला. मी दारोदार जाऊन गळे काढू?"

"मंत्रिमंडळात बसून काय करतेस मग?"

"मला लोकांनी कामावर मत द्यावं असं वाटतं."

नूलाने एक ओला टॉवेल झटकला. "अगं, काम केलं म्हणूनच तर म्हणते. काम करणाऱ्याची कुणाला काळजी वाटते? काळजी वाटते ती बिनकामाच्याची. माझ्या चार भावांत आईने शेत कुणाला दिलं? जो दुपारपर्यंत झोपायचा त्याला."

डिंप्ना हसली आणि गाडीत बसली. तिने मनात म्हटलं, नूलाला काय कळतंय. हेच वाक्य नूलाबद्दल गावात बऱ्याच जणांनी बऱ्याचदा म्हटलेलं आहे.

पूर्वेकडच्या दौऱ्यात पहिलंच दार एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचं होतं. त्याने तिला आत बसवलं, चहा दिला, पावाला जाड लोणी लावून दिलं.

"पोरी, हिवाळाभर तुझ्यामुळे चूल पेटली. देव तुझं भलं करो."

"मग तुमचं एक नंबरचं मत माझं ना?"

"तुझंच. म्हणजे दोन नंबर तुझाच. एक त्या मॉसीला देतोय. बिचाऱ्याचं काही खरं नाही म्हणे. तुला काय धाड भरलीय?"

डिंप्नाने तोंड उघडलं. आत्ता म्हणावं का, की मलाही भरू शकते? पण खिडकीतून काळी मर्सिडीज दिसत होती, ड्रायव्हरने टोपी नीट केली होती, आणि अशा गाडीतून उतरलेल्या बाईने "मी बुडाले" म्हणणं म्हणजे मेजवानीतून उठून भीक मागण्यासारखं. तिने लोण्याच्या पावाचा घास घेतला. "खरंय," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे."

तिचं उरलेलं काम तिच्या नवऱ्याने पुरं केलं. मॅलकी टार्पी मनाने सोन्यासारखा माणूस. गुरांच्या बाजारात त्याने कधी कुणाला फसवलं नाही, म्हणूनच तो कधी श्रीमंत झाला नाही. मतदानाच्या आधीच्या गुरुवारी स्थानिक वर्तमानपत्रात पाहणी छापून आली, की डिंप्ना टार्पी सगळ्यांच्या पुढे राहील. मॅलकीने ते वर्तमानपत्र दारूच्या गुत्त्यात नेलं, मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांना एकेक ग्लास पाजला. "आपली डिंप्ना पहिल्या नंबरावर," तो म्हणाला. गुत्त्यातल्या तीस जणांनी ग्लास उचलले, आणि पेय संपेपर्यंत तीसही जणांच्या मनात तोच हिशेब झाला होता. बाई इतकी पुढे आहे तर आपलं एक मत दुसऱ्या कुणा गरजवंताला द्यायला काय हरकत आहे. नवरा असावा तर असा. विरोधकांना त्याच्यावर एक पैसा खर्च करावा लागला नाही.

मतदानाच्या दिवशी डिंप्ना मॅलकीबरोबर पश्चिमेकडच्या शाळेत गेली. फोटोवाले बाहेर होते. आत पडद्यामागे दोरीला बांधलेली पेन्सिल होती आणि समोर मतपत्रिका. आपलं नाव वाचून तिला जरा बरं वाटलं. पेन्सिल त्या नावाकडे गेली आणि मध्येच थांबली. पत्रकावर तिची सही होती. शिस्त, मंत्री, आदर्श, पक्ष असे सगळे भारदस्त शब्द त्या एवढ्याशा फळकुटाच्या खोपट्यात दाटीवाटीने उभे राहिले. मग डिंप्ना टार्पीने लॉर्कन हेशनच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात एक लिहिला, आणि स्वतःच्या नावापुढे दोन. बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की फोटोवाल्याने दोन फोटो जास्त काढले. मॅलकी मागून आला. त्याच्याही चेहऱ्यावर तसंच तेज होतं. डिंप्नाला वाटलं, तिचंच त्याच्यावर पडलंय.

मोजणी दुसऱ्या दिवशी क्रीडा हॉलमध्ये झाली. लाकडी कठड्याच्या आत कर्मचारी पेट्या उलट्या करून मतपत्रिका उलगडत होते, आणि कठड्यावर सगळ्या पक्षांची माणसं पोटावर ओणवी होऊन प्रत्येक कागदावरचा एक टिपत होती. पॅकी पूर्वेच्या पहिल्या पेटीवर होता. थोड्या वेळाने त्याने टोपी मागे सरकवली, मग पुढे, मग काढून खिशात घातली.

"काय आहे?" डिंप्नाने विचारलं.

"दोन खूप आहेत."

"दोन?"

"तुझ्या नावापुढे. इतके दोन मी कधी बघितले नाहीत. लोकांचं तुझ्यावर फार प्रेम आहे, डिंप्ना."

"आणि एक?"

पॅकी पुढची पेटी बघायला गेला.

दुपारी विरोधी पक्षाचा माणूस निवडून आला. त्याच्यामागून मॉसी कीवनी आला, इतक्या मतांनी की त्याच्या बायकोला रडू आवरेना, आणि या वेळी पराग नव्हता. त्याच्या गरजेपेक्षा जास्तीच्या मतांतले दोन उघडले, ते डिंप्नाकडे आले, पण पुरले नाहीत. शेवटची एक जागा उरली आणि शर्यतीत उरली ती दोघं, लॉर्कन आणि डिंप्ना. एकोणीस मतांनी लॉर्कन पुढे राहिला. पुन्हा मोजलं, तेव्हाही एकोणीसच. लॉर्कनच्या गठ्ठ्यात डिंप्नाच्या नावाचे हजारो दोन नंबर होते. पण लॉर्कन ना बाद झाला, ना त्याला गरजेपेक्षा जास्त मिळालं, त्यामुळे ते कुणी उघडून बघितले नाहीत. प्रेम गठ्ठ्यात बांधून, शिक्का मारून, तळघरात ठेवलं गेलं. लॉर्कनने भाषणात सांगितलं की या भागाला उज्ज्वल भवितव्य आहे. छप्पर उडालंय एवढंच त्याने सांगितलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर गाव डिंप्नाच्या घरी लोटलं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की जसे येतात, तसेच आले. बायकांनी हॅमचे सँडविच आणले, पुरुष भिंतीला टेकून हळू बोलू लागले, कुणीतरी किटली चुलीवरून उतरूच देईना. डिंप्ना खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. एकेक जण येऊन तिचा हात हातात घ्यायचा. मर्सिडीज आदल्या संध्याकाळीच डब्लिनला परत गेली होती. ड्रायव्हर तेवढा निघताना खरंच हळहळला. त्याला तिचा स्वयंपाक आवडायचा.

"वाईट झालं गं, डिंप्ना."

"हो."

"मी माझा एक तुलाच दिला होता."

"आभारी आहे."

पुढचा हात. "फार मोठा अन्याय. मी एक तुलाच दिला."

पुढचा हात. "घरातल्या पाचही जणांनी एक तुलाच दिला."

दुपारपर्यंत पश्चिमेच्या पेट्यांत तिच्या नावापुढे जेवढे एक होते, त्याहून जास्त हात तिने हातात घेतले होते. चुलत सासू तर गळ्यात पडली आणि तिनेही एक दिला असल्याचं सांगितलं, येशूची शपथ घेऊन. लॉर्कन सुद्धा येऊन गेला. मीही एक दिला, असं म्हणायचं धाडस त्याने केलं नाही, पण ते त्याच्या ओठांपर्यंत येऊन गेलं असावं. डिंप्नाची मान हळूहळू ताठ होत गेली. गर्दी जरा पांगली, तेव्हा स्वयंपाकघरात मॅलकी, पॅकी, नूला आणि ती उरली.

"निर्लज्ज आहेत सगळे," डिंप्ना म्हणाली. "तोंडावर. माझ्या घरात. माझ्या सँडविचचा घास तोंडात घेऊन."

"सँडविच त्यांनीच आणले होते," नूला म्हणाली.

"एकाने तरी खरं बोलावं. एकाने म्हणावं, की डिंप्ना, चुकलं, मी दोन दिला. मी त्याचे पाय धरीन."

मॅलकीने कप खाली ठेवला. "डिंप्ना."

"काय?"

"पत्रकात तसं लिहिलं होतं ना. पश्चिमेकडच्यांनी लॉर्कनला एक द्यायचा. आणि तू येणारच होतीस."

डिंप्नाने त्याचे पाय काही धरले नाहीत.

"तू? मॅलकी, तू? ज्याच्या शर्टांना मी वीस वर्षं इस्त्री करते?"

"दोन तुलाच दिला गं."

"दोन. नवऱ्याने बायकोला दोन नंबर दिला, आणि वर सांगतोय. एक परक्या माणसाला, एका घर विकणाऱ्या माणसाला. अरे, माणसात काही निष्ठा असते की नाही? स्वतःच्या घरातच जर…"

ती अशी बराच वेळ बोलली. संसदेत तिची इतकी चांगली भाषणं झाली नव्हती. मॅलकीची मान खाली गेली. पॅकीने नकाशा आठवून स्वतःची मान आधीच खाली घातली होती. फक्त नूला टेबलावर कोपर टेकून, हनुवटी हातावर ठेवून बघत होती.

"डिंप्ना," नूला म्हणाली, "तू सुद्धा पश्चिमेकडेच राहतेस ना गं?"

"मग?"

"काही नाही. तू कुणाला दिलास, एवढंच विचारते."

डिंप्ना थांबली. मॅलकीने मान वर केली. पॅकीनेही. फोटोवाल्याने काढलेला तो तेजस्वी फोटो सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर होता, आणि तो पेपर नूलाच्या कोपराखाली होता.

डिंप्नाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग अगदी नीट बसला. तिने छातीवर हात ठेवला. आवाज जरा खाली आणला. डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं ते सांगता येणार नाही, पण होतं असंच सगळ्यांना वाटलं.

"मी?" ती म्हणाली. "देवाशपथ सांगते नूला, मी माझा एक मलाच दिला. आणि बघ ना, काय पदरात पडलं. मी संपले गं. माझं आता काही खरं नाही."

मॅलकीचे डोळे भरून आले. पॅकीने खिशातून टोपी काढली आणि छातीशी धरली. नूलाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बाजारात चांगल्या गाईला न्याहाळतात तसं.

"हां," ती म्हणाली, "आता तू निवडून येशील."